घशातले झाकण

वेगळेपण म्हणजे दोष नव्हे, हे माणसांच्या स्वभावाबाबत सहज मान्य होते. आपल्याच लेकराच्या शरीरात काही वेगळे दिसले, की मात्र धीर सुटतो.

एका व्यापारी कुटुंबातील पाच वर्षांची मुलगी आरशासमोर जीभ काढून दात घासत होती. जिभेच्या मुळाशी, अगदी मागे, आईला फिकट गुलाबी अर्धगोल उंचवटा दिसला. दुकान बंद करून आलेल्या वडिलांनी मोबाइलच्या उजेडात तो पाहिला, मग आजीने पाहिला. ‘गाठ’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. तरी रात्रभर घरात तोच वावरत होता. मुलगी नेहमीसारखी जेवली, खेळली, शांत झोपली. ही साक्ष कोणाच्या लक्षात आली नाही.

सकाळी बालरोगतज्ज्ञांनी घसा पाहिला आणि ते हसले. “आजी, ही गाठ नाही. हे श्वासमार्गाचे झाकण, एपिग्लॉटिस. गिळताना ते खाली झुकते आणि घास श्वासनलिकेत जाऊ देत नाही. ते तुम्हालाही आहे; हिचे दिसते, एवढाच फरक.”

लहान मुलांचे स्वरयंत्र मानेत प्रौढांपेक्षा वर असते आणि वयाबरोबर खाली सरकते. म्हणूनच काही मुलांत या झाकणाचा शेंडा तोंड उघडताच दिसतो. त्याला ना औषध लागते, ना शस्त्रक्रिया. पडजिभेचे टोक दुभंगलेले असणे हेही बहुधा निरुपद्रवीच. मात्र बोलणे नाकातून येत असेल किंवा दूध नाकावाटे बाहेर येत असेल, तर टाळूची तपासणी करून घ्यावी.

खरा धोका निराळा असतो. याच झाकणाला जंतुसंसर्गाने सूज आली, तर एकाएकी तीव्र ताप येतो, लाळ गळते, गिळवत नाही, श्वास घेताना आवाज येतो. अशा वेळी चमच्याने जीभ दाबून पाहू नये. मुलाला बसते ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. या सुजेला पूर्वी मुख्यतः कारण ठरणाऱ्या जंतूपासून संरक्षण देणारी लस, बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत समाविष्ट आहे.

घशात काय दिसते, याइतकेच मूल कसे खाते, झोपते, श्वास घेते हेही पाहावे. शंका आली तर तज्ज्ञांना एकदा दाखवावे. आणि त्यांनी निर्वाळा दिल्यावर लेकराला पुन्हा पुन्हा ‘आ’ करायला लावू नये.