खेपांचा हिशेब

माझ्या नवऱ्याचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलेला आहे. पुरता बरा होणारा नाही, पण काही वर्षं आटोक्यात ठेवता येईल असा. मालवणात राहून हे दुखणं काढताना माझं एक मत पक्कं झालं आहे. उपचार ठरवताना डॉक्टर रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा निर्देशक) बघतात, वय बघतात, बोन स्कॅन बघतात. तसंच रोग्याचं गाव आणि तिथून पडणाऱ्या खेपाही बघायला हव्यात. गावात रेडिएशनचं यंत्र नाही. रेल्वेसुद्धा मालवणात येत नाही. कुडाळ नाहीतर कणकवली गाठायची आणि रात्रीची तुतारी एक्सप्रेस धरून दादरला उतरायचं, तेव्हा कुठे परळचं टाटा हॉस्पिटल. कोल्हापूरला जायचं तर करूळचा किंवा फोंड्याचा घाट, आणि पावसाळ्यात तिथे दरड कधी येईल सांगता येत नाही. गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल हा इथल्या लोकांचा जुना आधार. पण जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि त्यावरून दोडामार्गात आंदोलन पेटलं. मणक्यात कॅन्सर असलेल्या माणसाला रस्त्याचा प्रत्येक खड्डा कळतो. औषधाचे दुष्परिणाम कागदावर छापलेले असतात, प्रवासाचे कोणी छापत नाही.

खेपा कमी म्हणजे उपचार हलका, असं लोक धरून चालतात. पुरावा तसं सांगत नाही. हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तो पुरवठा तोडायचे मुख्य मार्ग दोन. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच छोटी शस्त्रक्रिया करून वृषण काढणं. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच हार्मोन तळाला जातो, इंजेक्शनची तारीख चुकायचा प्रश्न उरत नाही आणि खर्च एकदाच. यावर पहिला आक्षेप पुरुषत्वाचा येतो, तोही बहुधा नातेवाइकांकडून. त्यांना कोणी सांगत नाही की इंजेक्शनही शरीराचं तेच करतं: इच्छा मावळते, अंगातून गरम वाफा निघतात (मे महिन्यातल्या मालवणात हे काय असतं ते इथल्यांनाच ठाऊक), हाडं ठिसूळ होतात, माणूस हळवा होतो. खरा फरक एवढाच, की इंजेक्शन थांबवता येतं आणि शस्त्रक्रिया उलटवता येत नाही. हा फरक काहींना मोठा वाटेल, आणि तो मोठा मानायचा की नाही हे ठरवायचा हक्क रोग्याचाच आहे, बायकोचाही नाही. पण दोन्ही पर्याय समोर ठेवल्याशिवाय तो हक्क कसला?

पुढच्या पायरीवरही हेच. हार्मोन तोडण्याबरोबर डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाचं सलाइन दिलं किंवा ॲबिरेटेरॉनच्या गोळ्या दिल्या, तर आयुष्य वाढतं, हे मोठ्या चाचण्यांतून २०१५ ते २०१७ च्या दरम्यान दिसलं. सलाइन म्हणजे दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटल, सहसा सहा वेळा. गोळ्या घरी घेता येतात. सोबत प्रेडनिसोलोन, आणि रक्तदाब, पोटॅशियम, यकृत यांच्या तपासण्या, ज्या गावातही होतात. अडचण किमतीची. रोजच्या चार गोळ्या, त्याही रिकाम्या पोटी. २०१८ मध्ये अमेरिकेत ७२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला: कमी चरबीच्या न्याहारीसोबत एकच गोळी घेतली तरी पीएसए तितकाच उतरला. आक्षेप उघड आहे, रुग्ण थोडे, शिवाय मोजला पीएसए, आयुष्य नाही. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणून हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. पूर्ण डोस जेवणासोबत घेतला तर औषध रक्तात फार चढतं. पण ज्या घराला चार गोळ्या परवडत नाहीत, तिथे तुलना एक गोळी आणि चार गोळ्यांची नसते, एक आणि शून्याची असते. डॉक्टरांनी हो म्हटलं, तर घावण्यांसोबतचा नारळाचा रस तेवढा बंद. उकड्या तांदळाची पेज चालावी.

हाडांच्या दुखण्यावर रेडिएशन द्यायचं तर दहा दिवस रोज, की एकाच बैठकीत आठ ग्रे? नेदरलँड्समध्ये ११७१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, १९९९ मध्ये, एक बैठक आणि सहा बैठका अशा दोन्ही गटांत वेदना सारखीच कमी झाली. एका बैठकीत घेतलेल्यांपैकी जास्त लोकांना पुन्हा घ्यावं लागलं, हेही नोंदलेलं आहे. परळच्या शेजारी राहणाऱ्याला यातलं काहीही चालेल. मालवणच्या माणसासाठी हा एक दिवस आणि दोन आठवड्यांची भाड्याची खोली यांतला फरक आहे. ‘मुंबयक व्हरा’ म्हणणाऱ्यांची माया खरी असते, पण आंब्याची कलमं विकून मुंबईत जाऊन कोणता वेगळा उपचार मिळणार, हे त्यांनाही सांगता येत नाही. निदान पक्कं करायला, आराखडा ठरवायला एकदा मोठ्या ठिकाणी जावंच. तो आराखडा इथल्या डॉक्टरांच्या हाती लेखी द्यावा, हे तिथे आग्रहाने मागायला हवं.

कोणी म्हणेल, अशाने सरकारला आयतीच सूट मिळते. उलट, नेमकं काय मागायचं ते यातून कळतं. सिंधुदुर्गात २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोट्यवधींचं यंत्र येईल तेव्हा येवो, पण तोंडाने घ्यायचं मॉर्फिन तालुक्याच्या ठिकाणी मिळायला यंत्र लागत नाही. २०१४ च्या कायदेदुरुस्तीने त्याची परवान्यांची जंजाळं कमी केली आहेत. ते जवळ नसेल तर नुसत्या दुखण्यासाठी खेप पडते. आणि एक खेप मात्र कधीच वाचवायची नाही. पाय अचानक लुळे पडू लागले, कमरेखाली बधिरपणा आला, लघवी अडली, तर मणक्यातली नस दाबली जात असते. तिथे सकाळच्या गाडीची वाट बघायची नाही. डॉक्टरांना फोन करत त्याच रात्री निघायचं, कारण गेलेली ताकद बहुतेकदा परत येत नाही.