बोटभर जागा

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पावसाळा कसा असतो, हे तिकडे राहणाऱ्यांना सांगावयास नको. तांबडी माती लोण्यासारखी मऊ होते आणि केवळ मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी जागच्या जागी खड्डा खणीत बसते. म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात मी व माझ्या धाकट्या भावाने शेतीच्या कामासाठी चारही चाकांना जोर मिळेल अशी एक गाडी जुळवावयास घेतली. सांगाडा एका मोडीत निघालेल्या लहान ट्रकचा. ट्रान्सफर केस आणि पुढचा व मागचा अ‍ॅक्सल एका जुन्या जीपचे. दोन्ही अ‍ॅक्सलांच्या गिअरांचे प्रमाण सारखेच असावे लागते, नाहीतर पुढची व मागची चाके एकमेकांशी भांडतात, एवढे ज्ञान आम्हांस होते.

अडले ते पुढच्या जॉइंट शाफ्टपाशी. ट्रान्सफर केसमधून पुढच्या अ‍ॅक्सलकडे जोर नेणारा हा पोकळ दांडा. जीपचा मूळ दांडा तोकडा पडला. दुसऱ्या गाडीचा आणला तो लांब झाला. गाडी ठोकळ्यांवर चढविलेली होती, चाके लोंबकळत होती. मी तशाच स्थितीत माप घेतले.

भाऊ म्हणाला, "दादा, गाडी चाकांवर उभी करून एकदा मोजूया का?"

"माप ते माप! उभी केल्यानं काय बदलणार आहे?" असे म्हणून मी दांडा तोडला, जोडून घेतला आणि बसविला.

जुलैमध्ये एका रात्री शेजारच्या तात्यांच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती. मधले ३ किलोमीटर नुसता चिखल. तात्यांना घेऊन आम्ही सहा जण निघालो. ओढ्याच्या उतारावर गाडी दणकली, पुढून करकर आवाज आला आणि ट्रान्सफर केसमधून तेल गळू लागले. पलीकडच्या चढावर गाडी रुतली ती रुतलीच. अखेर घरून खाट आणविली आणि तात्यांना खांद्यावरून नेले. अर्धा तास वाया गेला. देवाच्या दयेने ते वाचले. सर्वांनी रस्त्याला दोष दिला. मीही दिला.

पुढे तो दांडा घेऊन मी बेळगावला उद्यमबागेतील एका वृद्ध टर्नरकडे गेलो. सारे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी सरकत्या सांध्याचे दोन भाग वेगळे केले आणि दात्यांच्या टोकाशी पडलेली चकचकीत खूण मला दाखविली.

"माप घेताना गाडी कशावर होती?"

मी खाली पाहिले. "ठोकळ्यांवर."

अण्णांनी समजावून सांगितले ते असे. आमच्या गाडीत पुढच्या पाट्यांचे पुढचे टोक पक्के व मागचे शॅकलमध्ये झुलते. भार पडला की पाटे सपाट होतात आणि अ‍ॅक्सल मागे व वर सरकतो. त्या वेळी दांड्याने आत सरकून आखूड व्हावे लागते. माझ्या दांड्याला सरकावयास जागाच नव्हती. तेव्हा तो पहारेसारखा ट्रान्सफर केसवर आदळला आणि आतील बेअरिंग फुटले.

दुसरी चूकही त्यांनी दाखविली. दांड्याच्या दोन टोकांचे फोर्क एका रेषेत नव्हते. या सांध्याला इटलीतील कार्डानो (१५०१–१५७६) आणि इंग्लंडातील रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) या दोन विद्वानांच्या नावांनी ओळखतात. त्याचा एक स्वभाव आहे. तो वाकलेला असताना सारख्या गतीने फिरत नाही. कोन २० अंशांचा असला, तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ६ टक्के जलद आणि दोनदा तितकाच मंद होतो. दोन्ही फोर्क एका रेषेत असले आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले, म्हणजे एका सांध्याचा दोष दुसरा सांधा भरून काढतो. नाहीतर गाडी थरथरते.

अण्णांच्या सांगण्यावरून मी दोन मापे घेतली: एक पूर्ण भार घालून, दुसरे चाके लोंबकळत ठेवून. "भार असताना बोटभर जागा उरली पाहिजे आणि चाकं लोंबकळताना दाते नीट धरलेले राहिले पाहिजेत," हा त्यांचा नियम. त्याप्रमाणे त्यांनी दांडा बनविला आणि लेथवर फिरवून सरळ करून दिला.

गाडी दुरुस्त झाली. पण मनातील करकर थांबेना. एका संध्याकाळी भावाला बरोबर घेऊन मी तात्यांकडे गेलो आणि म्हणालो, "त्या रात्री रस्त्याचा दोष नव्हता, तात्या. माप माझं चुकलं होतं. यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

तात्या क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "आता नीट केलास ना?"

"केला."

"मग बैस. चहा घे."

वाचकहो, तो दांडा अद्याप चालतो आहे. गाडीखाली शिरलो की मी प्रथम त्या सरकत्या सांध्याकडे पाहतो. आणि भाऊ काही सुचवू लागला, की हातातील पाना खाली ठेवून त्याचे बोलणे पुरते ऐकतो.