घाबरणे आणि घबराहट

जबलपूरच्या मराठी घरातील मुलाचे शिकणे बहुधा हिंदीत होते आणि रुसणे-फुगणे मराठीत. १९५६ पर्यंत हे शहर व नागपूर एकाच प्रांतात होते. कचेऱ्या, रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने आलेली कुटुंबे तेथेच रुजली. दोन भाषांचा हा संसार एरवी सुखाने चालतो. मनाचे दुखणे सांगण्याची वेळ आली की मात्र तो अडखळतो. मुलगा शाळेत म्हणतो, ‘घबराहट हो रही है’. या शब्दात छातीची धडधड, घाम, जीव गुदमरणे हे सारे सामावते. घरी येऊन तो ‘मला घाबरायला होतंय’ म्हणतो आणि आई विचारते, ‘अरे, घाबरतोस कशाला? कोण खातंय का तुला?’ मुलाने सांगितलेली असते व्याधी. आईला ऐकू येतो भित्रेपणा.

मानसिक आरोग्याची साक्षरता ही संज्ञा ऑस्ट्रेलियातील संशोधक अँथनी जॉर्म व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये रूढ केली. त्यांची रीत साहित्याच्या अभ्यासकांना ओळखीची वाटेल. एका व्यक्तीची चार-सहा ओळींची हकीकत ऐकवायची आणि विचारायचे, ‘हिला काय झाले असावे?’ म्हणजे मुळात ही साक्षरता कथा वाचता येण्याचीच होय. आपल्याकडे २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने भावनिक स्वास्थ्य हा विषय अकरा विषयांत घेतला आणि प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांवर हे काम सोपविले. गरज उघड आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ही वयोगटाची पाहणी काही राज्यांपुरतीच होती. परंतु फळ्यावर ‘अवसाद’ लिहून त्याची व्याख्या उतरवून घेतली, तर परीक्षेत दोन गुण मिळतील, एवढेच. घरी गेल्यावर त्याच मुलाला ‘आळशी’ म्हणतात, आणि तो शब्द त्याला पटतोही.

मराठीजवळ मनाविषयीचे शब्द थोडे नाहीत. जीव रमत नाही, काळीज कुरतडते, मन खाते, डोक्यात भुंगा लागतो: यांतला प्रत्येक शब्द वर्गात तपासण्याजोगा आहे. पण उपदेशाची सवय आडवी येते. समर्थांच्या मनाच्या श्लोकांत मनाला बजावलेले आहे. मुलांकडून ते पाठ करून घेतले जातात, आणि त्यांचे मोल कोणी नाकारणार नाही. बहिणाबाई चौधरींची मनावरील कविता निराळी. ती मनाला दटावीत नाही, शेतात राबणाऱ्या बाईच्या नजरेने न्याहाळते. शिक्षकाला आधी ही दुसरी नजर हवी. त्यानंतरच मूल सांगेल की तीन आठवडे झोप नाही, डबा तसाच परत जातो. जगणेच नको असे ते म्हणाले, तर गुपित राखण्याचे वचन पाळायचे नसते, हेही शिक्षकाला आधीच शिकविले पाहिजे.

पुढचा प्रश्न, जावे कोणाकडे? ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. राज्यातील जुनी मनोरुग्णालये ग्वाल्हेर व इंदूरची. जबलपुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही चार ओळखीचे लोक पाहतील या धास्तीने एखाद्या पालकाला नागपूरच्या नातलगांकडे सुटीत पाहुणे म्हणून जाऊन तेथल्या डॉक्टरांना दाखविणे सोयीचे वाटते. सुटी लागायला अजून दोन महिने असतात, आणि मध्ये वार्षिक परीक्षा.