अख्खा पत्रा

मे महिना उजाडला की ठाण्यापासून कर्जतपर्यंतच्या चाळींत, बंगल्यांच्या मागच्या पडव्यांवर आणि गाळ्यांच्या शेडवर एकच काम निघते : पावसाच्या आत जुने सिमेंटचे पत्रे काढून नवे टाकायचे. मुकादम नाक्यावरून दोन बिगारी आणतो, त्यांच्या हाती हातोडा आणि ग्राइंडर देतो, आणि दुपारपर्यंत छप्पर जमिनीवर आलेले असते. वरून तुकडे फेकले की काम झपाट्याने होते. धुरळा उठतो, गल्लीतली पोरे त्यातूनच पळतात, आणि एका दिवसाच्या मजुरीत भागले म्हणून घरमालक खूश असतो.

प्रस्तुत लेखक याच धंद्यातला, किरकोळ दुरुस्तीची कामे घेणारा. नवा पत्रा बसवायला कसब लागते हे सगळ्यांना मान्य आहे. जुना उतरवायलाही लागते, हे मात्र घरमालकाला पटवावे लागते.

सिमेंटच्या पत्र्यात साधारण 8 ते 10 टक्के ॲस्बेस्टॉस असते, क्रायसोटाइल म्हणजे पांढऱ्या जातीचे. बाकी सिमेंट, राख आणि लगदा. पत्रा धड असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात, त्यामुळे डोक्यावर असा पत्रा आहे म्हणून रातोरात घर सोडायचे कारण नाही. बॉयलरच्या पाइपांवरचे जुने लेप किंवा भुसभुशीत इन्सुलेशन बोर्ड यांच्यापेक्षा हा माल कितीतरी सौम्य. (तसला लेप दिसला तर छोट्या कंत्राटदाराने हात न लावता परत फिरावे, ते त्याचे काम नव्हे.) पण पत्रा फुटला, घासला किंवा ग्राइंडरने कापला की तंतू सुटतात. प्रयोगशाळेत जे तंतू मोजतात ते 5 मायक्रॉनहून लांब आणि 3 मायक्रॉनहून बारीक असतात. असा एकेक तंतू डोळ्याला दिसत नाही, नाकाला जाणवत नाही, खोकलाही येत नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, उघडकीला यायला बहुधा 20 ते 50 वर्षे लागतात. तोवर ना मुकादम सापडतो, ना बिगाऱ्याला ती चाळ आठवते.

म्हणून उतरवण्याची रीत संथ असते. पत्रे वळचणीपासून आढ्याकडे चढवत बसवलेले असतात, तेव्हा काढायचे ते उलट : आधी आढ्यावरचा कोना, मग वरची रांग, शेवटी वळचण. काम सुरू होण्याआधी पत्र्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. पाण्यात थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण टाकला तर ते वरून ओघळून न जाता मुरते. जोराची धार मात्र नको, ती पृष्ठभाग खरवडून काढते. आणि ओल्या काय, कोरड्या काय, पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. त्यातून खाली पडून जाणारा जीव 20 वर्षे थांबत नाही. परांची खालून बांधायची, किंवा पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या वाशांवर, टेकतील अशा फळ्या टाकायच्या.

खरी परीक्षा पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या जे-हुकांची. गंजून ते इतके घट्ट झालेले असतात की नट फिरतच नाही, आणि इथेच हात ग्राइंडरकडे जातो. चकती नटातून सुटून पत्र्याला लागली की सगळे पाणी वाया. त्यापेक्षा आदल्या दिवशी तेल सोडून ठेवावे, आणि तरीही नट हलला नाही तर हाताच्या बोल्ट-कटरने हूकच छाटावा. हात भरून येतात, वेळ लागतो. मग दोघांनी दोन टोके धरून पत्रा दोराने किंवा हातोहात खाली द्यायचा. 3 मीटरचा पत्रा 35-40 किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे घाई केली की तो निसटतोच. खाली जाड प्लास्टिक अंथरलेले हवे. पत्रा अख्खाच त्यात गुंडाळायचा, पोत्यात मावावा म्हणून मोडायचा नाही. फुटलेले तुकडे ओले करून दुहेरी पिशवीत. शेवटी झाडू नाही आणि घरातला व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नाही, कारण बारीक तंतू त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन खोलीभर पसरतात. ओल्या फडक्याने पुसायचे आणि फडकेही त्याच पिशवीत टाकायचे.

तोंडाला गमछा बांधणे ही नुसती समजूत. ब्रिटनमध्ये या कामाला एफएफपी-3 दर्जाचा मास्क सांगतात, आणि तो गालाला चिकटून बसला पाहिजे. दाढीचे खुंट वाढलेले असतील तर महागातला मास्कही कडेने हवा आत घेतो. ही गोष्ट साइटवर सांगितली की हशा पिकतो, पण ती खरी आहे.

ब्रिटनचे नाव घ्यायचे कारण, या चुकीची किंमत त्या देशाने मोजून ठेवली आहे. रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातली नेली कर्शॉ 1924 मध्ये वारली आणि तिच्या फुप्फुसांचा अहवाल डॉ. कुक यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. 1965 च्या लंडनमधल्या न्यूहाउस आणि थॉमसन यांच्या अभ्यासात तर मेसोथेलिओमाच्या रुग्णांमध्ये कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या, घरी कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकाही सापडल्या. तिथे 1999 मध्ये पूर्ण बंदी आली. तरीही 1940 च्या दशकात जन्मलेल्या आणि तिशीच्या आत 10 वर्षांहून जास्त सुतारकी केलेल्या ब्रिटिश सुतारांना मेसोथेलिओमा होण्याचा आयुष्यभराचा धोका 17 मध्ये 1 इतका निघाला. ही माणसे खाणीतली किंवा गिरणीतली नव्हती. भोके पाडणारी, फळ्या कापणारी, आपल्यासारखी दुरुस्तीवाली माणसे होती ती.

भारतात खाणकाम थांबले, पण आयात चालू आहे आणि पत्रे दुकानात राजरोस मिळतात. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षे जपायला सांगितल्या. तो आदेश कारखान्यांना. नाक्यावरच्या बिगाऱ्याची नोंद कोण ठेवणार?

सगळ्यात अवघड प्रश्न उतरवलेल्या मालाचा. भंगारवाला तो घेत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा गावेच्या गावे उघडी पडली, फुटक्या पत्र्यांचे ढीग लागले. एरवीही असे तुकडे जोत्यात भरावाला जातात, खुराड्यावर चढतात किंवा खाडीकाठी जाऊन पडतात. ॲस्बेस्टॉस कचरा कसा टाकावा याचे भारतीय मानक, आयएस 11768, 1986 पासून आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रेही आहेत. पण ती उभी राहिली कारखान्यांसाठी, आणि 10 पत्रे घेऊन जाणाऱ्या टेम्पोसाठी तिथवरची वाट सोपी नाही. नगरपालिकांनी वॉर्डात एखादा संकलन-दिवस ठरवला तर निम्मा प्रश्न सुटेल. हे काही फार मोठे मागणे नाही.

तोवर जे घरमालकाच्या हातात आहे ते करावे. पत्रा धड असेल तर डिशच्या किंवा एक्झॉस्ट पंख्याच्या हौसेपायी त्याला भोक पाडू नये. काढायचाच असेल तर कोटेशनमध्ये ‘पत्रे काढणे’ अशी एकच ओळ स्वीकारू नये. पाणी, प्लास्टिक, मास्क, जादा दिवसाची मजुरी आणि मालाची वाहतूक वेगवेगळी लिहून मागावी, आणि हे पत्रे शेवटी कुठे जाणार, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारावे.