खिडकीतला पेंग्विन

माझा लॅपटॉप विंडोजचा. कॉलेजपासून विंडोजच. लिनक्स हे काळ्या स्क्रीनवर काहीबाही टाइप करणाऱ्या आणि रात्री दोनला मॅगी खाणाऱ्या मुलांचं खातं, असा माझा मास कॉमच्या काळापासूनचा ठाम समज होता. तो भोरमध्ये मोडला.

झालं असं, की मला वेल्ह्यातल्या टँकरवर स्टोरी करायची होती. वेल्हे, म्हणजे कागदोपत्री आताचा राजगड तालुका. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस. पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणं, शेजारी भोरमध्ये ब्रिटिशांच्या काळातलं भाटघर. आणि मे महिन्यात वरच्या वाड्यांमध्ये हंडे घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बायका. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ना, ते अक्षरशः. माहितीच्या अधिकारात मी टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदी मागितल्या. चारशे पानं मिळाली, तीही वेळेत. फक्त सगळी स्कॅन केलेली. म्हणजे नुसते फोटो! गावाचं नाव टाकून सर्च मारावा, तर उत्तर शून्य.

यावर उपाय आहे, हे कळायला फार वेळ लागला नाही. टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम आहे. १९८० च्या दशकात एचपीमध्ये जन्मला, २००५ पासून सगळ्यांसाठी खुला. तो फोटोतली अक्षरं वाचतो, मराठीसुद्धा. ओसीआरमायपीडीएफ हा त्याचा जोडीदार त्या अक्षरांचा एक अदृश्य थर पानावर चढवतो, की झाला सर्च सुरू. पण हे सगळं मुळात लिनक्सच्या घरचं. विंडोजवर थेट बसवायचं, तर एकेक सुटा भाग शोधून आणा. दोन संध्याकाळी घालवल्या. एक भाग सापडला तर दुसऱ्याचं व्हर्जन जुळेना. फुकट वेबसाइटवर फाइल टाकायची नव्हती; कागदांत लोकांचे फोन नंबर होते.

शाळेतल्या मित्राला फोन केला. तो आयटीवाला, २०२० च्या लॉकडाउनपासून भोरला आईवडिलांकडे राहून काम करतो. म्हणाला, ‘माझ्याकडे तर चालतंय!’ (आयटीतल्यांना हे वाक्य पाठ असेल.) चिडून स्वारगेटला एसटी पकडली, ती कापूरहोळला हायवे सोडून भोरात उतरले.

त्यानं आधी इतिहास ऐकवला. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कॅन्सरची उपमा दिली होती. २०१६ मध्ये त्याच कंपनीनं विंडोजच्या पोटात लिनक्सला जागा दिली. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तर आत लिनक्सचा खराखुरा गाभा चालतो, आणि २०२५ मध्ये या व्यवस्थेचा कोडही खुला केला. सासू-सुनेचं इतकं जमलेलं मी मालिकेतही पाहिलेलं नाही.

बसवायला एक ओळ पुरते: डब्ल्यूएसएल, स्पेस, दोन डॅश आणि इन्स्टॉल. माझ्या लॅपटॉपवर आधी बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन सुरू करावं लागलं, ते मित्रानं केलं. मग रीस्टार्ट, आणि उबुंटूनं पासवर्ड मागितला. मी टाइप करतेय, स्क्रीनवर ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड गेला म्हणून मी हादरले, तर मित्र हसून लोटपोट. लिनक्समध्ये पासवर्ड दिसतच नाही म्हणे.

मग डॉकर. याचा फंडा मला डब्यावरून कळला. पाहुण्याकडे जाऊन त्याच्या स्वयंपाकघरात मीठ कुठेय, तिखट कुठेय शोधत बसण्यापेक्षा घरून भरलेला डबाच न्यायचा. कंटेनर म्हणजे तो डबा. प्रोग्रॅम, त्याला लागणारं सगळं आणि नेमकी व्हर्जन्स एकत्र. ओसीआरमायपीडीएफचा तयार डबा मिळतो, पण त्यात मराठी नसते. मित्रानं एका छोट्या फाइलमध्ये मराठीचं पॅकेज घालायची ओळ लिहिली आणि नवा डबा बांधला. त्याच्या लॅपटॉपवर चालला तसाच तो माझ्यावर चालला. पहिल्यांदाच!

म्हणजे चाललाच असता. मी क्रोममध्ये तीसेक टॅब उघडे ठेवले होते. हा पोटभाडेकरू गरज पडली तर निम्मी रॅम वापरू शकतो. माझी सगळी मिळून आठ जीबी. लॅपटॉप ठप्प. टॅब बंद केले, एका वेळी दोनच पानं वाचायला सांगितलं, आणि जेवायला बसलो. काकूंच्या हातची आमटी संपायच्या आत निम्मी पानं झाली होती.

छापील तक्ते मस्त वाचले गेले, अधूनमधून ४ चा ५ झाला तेवढा सोडून. (आकडे डोळ्यांनी तपासा, प्लीज.) पण शंभरेक पानं हातानं लिहिलेल्या रजिस्टरची होती. त्यांचं टेसरॅक्टनं जे केलं ते छापण्यासारखं नाही. हस्ताक्षर हा त्याचा प्रांतच नव्हे.

ती पानं काकूंनी वाचली. तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेली बाई. कुणाचंही अक्षर लागतं. चष्मा लावून ओटीवर बसल्या, म्हणाल्या, ‘अगं, लिही तू.’ त्या बोलत होत्या, मी वहीत उतरवत होते. रात्री अकरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत गेले. मोबाइलला रेंज नाही, पण डबा लॅपटॉपमध्येच होता, इंटरनेट लागतच नव्हतं. अंगणात बसून चुकलेली पानं पुन्हा वाचायला लावली. शेजारच्या घरातली एक मावशी माझ्या खांद्यावरून बघत होती.

‘आमच्या वाडीचं नाव आहे का त्यात?’

टाइप केलं. शून्य. दुसरं स्पेलिंग टाकून पाहिलं, तरी शून्य. तिचा चेहरा उतरला. मग मी पिशवीतून वही काढली. तिसऱ्या पानावर, काकूंनी सांगितलेलं, माझ्या गिचमिड अक्षरात: वाडीचं नाव, एक फेरी, तारीख.

तारीख वाचून दाखवली. ‘बरोबर,’ मावशी म्हणाली. ‘त्या दिवशी आमच्यात लग्न होतं.’