सेवाग्रामची पाच मिनिटे

वर्ध्याहून सेवाग्रामला जाल, तेव्हा बापूकुटीच्या ओसरीवर निवांत बसून पाहा. उच्च रक्तदाबाने खुद्द गांधीजींनाही सोडले नव्हते. आश्रमाजवळच १९६९ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि घरोघरी जाऊन आजार जाणून घेते.

रक्तदाब मोजण्याचा पहिला धडा यंत्राचा नव्हे, शांततेचा असतो. रुग्णाने पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. बोलू नये. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू वर्ज्य. वृद्धांचा रक्तदाब उभे करूनही पाहावा. उठताच तो घसरला, तर तोल जाण्याचे भय असते. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा सहसा वेगवेगळ्या वेळी आढळल्यावरच निदान होते. कोलेस्टेरॉल तर रक्ततपासणीवाचून कळतच नाही.

दोन्ही विकार मुके आहेत. म्हणूनच ‘आता बरे वाटते’ असे म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. बापूकुटीची शांतता घरी नेता येणार नाही. ती पाच मिनिटे मात्र पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडे अवश्य मागा.