बिलो किती?

पेण आणि रोहा, दोन्हीकडच्या नगरपरिषदांची कामं आता महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवरच बघायची. पूर्वी सीलबंद पाकीट पेटीत टाकायला जावं लागे. पेटीपाशी कोण उभं आहे यावरूनच निम्मा निकाल कळायचा! आता डिजिटल सही, ऑनलाइन बयाणा आणि दोन लिफाफे. तांत्रिक लिफाफ्यात पास झालात, तरच दराचा उघडतो. झोप उडवतो तो मात्र ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा खाली भरलेला दर. गटाराचं काम कुणी अंदाजपत्रकाच्या वीस टक्के खाली भरलं, की मी खडीचा भाव पुन्हा विचारतो. त्या दरात सळई नक्की कुठे बसवणार हा माणूस? आणि बिल निघेपर्यंत सिमेंटवाल्याची उधारी आपल्याच डोक्यावर. तरी आज अनुभवाचे दाखले स्कॅन करून ठेवले. पावसाआधीची कामं निघतीलच.